उरलेल्या कोनांचं काय

अंबाझरीच्या वळणावर कंपनीच्या बसनं करकचून ब्रेक मारला आणि माझ्या मांडीवरची डब्याची पिशवी पुढच्या सीटखाली गेली. रस्त्यात म्हैस आडवी आली होती, म्हणजे विशेष काही नव्हतं. डबा मी उचलला. पिशवीतून उडालेला घडीचा कागद मात्र शेजारी बसलेल्या नत्थूजीच्या हाती लागला. नत्थूजी आमच्याच टूलरूममध्ये मिलिंग मशीनवर, मी लेथवर. हाती आलेला कागद वाचल्याशिवाय परत करायचा नाही, मग तो भज्यांखालचा का असेना, हा त्याचा स्वभाव. त्यानं घडी उलगडली आणि हिंगण्याच्या कारखान्याला निघालेल्या चाळीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "रुपराव, हे काय गा? दहापैकी शून्य?" मागून कोणीतरी "कोणाले, कोणाले" म्हणालं. "आपल्या रुपरावले! टूलरूमच्या टर्नरले शून्य भेटून राहिलं, मंग बाकीच्यानं कुठी जावं?" बसभर हशा पिकला. मीही हसलो, पण कान तापले होते. लहानपणी शून्य मिळतं तेव्हा मार खाऊन प्रकरण मिटतं. बेचाळिसाव्या वर्षी, टक्कल पडायला लागल्यावर मिळालेल्या शून्याचं काय करायचं ते कोणी शिकवलेलं नसतं. मी कागद परत घेतला, खिशात घातला आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

खरं सांगायचं तर शून्याचं मला एवढं वाटलं नव्हतं. त्याच्याखाली लाल शाईत एक ओळ होती, ती मला रात्रीपासून छळत होती. "हे तीस, पंचेचाळीस आणि साठ अंशांना खरं आहे. उरलेल्या कोनांचं काय?" अक्षर जयवंताबाईंचं. रामदासपेठेत कामगारांसाठी संध्याकाळचा डिप्लोमाचा वर्ग चालतो, तिथे त्या गणित शिकवायच्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, पांढरी साडी, हातात एकच घड्याळ, आणि फळ्यावर मोकळ्या हातानं वर्तुळ काढायच्या ते असं की मी पहिल्या दिवशी उठून जवळून बघून आलो होतो. मी त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा होतो आणि पहिल्याच वर्षात तिसऱ्यांदा बसलो होतो. बाकी विषय सुटले होते. गणित दोनदा गेलं होतं. तिसऱ्यांदा गेलं की नाव कमी करतात, असा नियम नोटीस बोर्डावर टाचलेला होता आणि मी तो येता-जाता वाचत असे. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ड्रॉईंगवर काम केलं. वरच्या मजल्यावर मोठ्या टेबलाशी बसून कोणी पांढरा शर्टवाला रेघा मारतो, आणि खाली मी त्या रेघांप्रमाणे लोखंड कापतो. मला एकदा तरी ती रेघ स्वतः मारायची होती. पगार वाढला तर वाढला, पण माझा जीव त्या टेबलात अडकला होता. आणि टेबल आणि मी यांच्यामध्ये हे साईन-कॉस उभे होते.

शून्य मिळालं ते असं. चाचणीत एक समीकरण सिद्ध करायला दिलं होतं. मी काय केलं, तर थीटाच्या जागी तीस घातले, कोष्टकातून किमती घेतल्या, दोन्ही बाजू काढल्या. जुळल्या. मग पंचेचाळीस. जुळल्या. मग साठ. चौथ्या दशांश स्थळापर्यंत जुळल्या. खाली दुहेरी रेघ मारून लिहिलं, "तपासले, बरोबर आहे." यात माझं चुकलं कुठे ते मला खरोखर कळेना. कारखान्यात शंभर पिनांचा लॉट आला की आम्ही तीन पीस तपासतो, पहिला, मधला आणि शेवटचा. तिन्ही ठीक असले की पेटीवर हिरवा शिक्का. वीस वर्षं माझ्या शिक्क्यावर मोटारी चालल्या, पंप चालले, आणि ही मुलगी मला विचारत होती की उरलेल्यांचं काय.

त्या दिवशी शिफ्ट सुटली, बसनं घरी आलो आणि सायकल हाणत वर्गावर गेलो ते भांडायच्याच तयारीनं. तास सुरू व्हायच्या आधीच कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, "बाई, तीन जाग्यावर जुळलं. केसाएवढाही फरक नाही. आमच्याकडे याले ओके म्हणतात." जयवंताबाईंनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावल्या नाहीत. "तुमच्याकडे लॉट किती नगांचा असतो?" "शंभर. कधी पाचशे." "इथला लॉट संपतच नाही, रुपरावजी," त्या म्हणाल्या. "तीस आणि पंचेचाळीसच्या मध्येच इतके कोन आहेत की तुम्ही जन्मभर तपासत बसाल." मी हार मानली नव्हती. मग त्यांनी फळ्यावर ते वर्तुळ काढलं, मधून आडवी-उभी रेघ मारली आणि म्हणाल्या, या वर्तुळाची त्रिज्या एक. मी विचारलं, "एक काय? इंच का मिलिमीटर?" "नुसतं एक." "नुसतं एक कसं चालन बाई? ड्रॉईंगवर नुसतं एक लिहिलं तं आमचा फोरमन तोंडावर फेकून मारते." वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, तोंडाला पदर न लावता, मोकळ्या. म्हणाल्या, "मग तुमच्या फोरमनला न सांगता, तुम्हाला आवडेल त्या लांबीला एक म्हणा आणि बघा काय होतं ते."

हे वाक्य घेऊन मी चार दिवस हिंडलो. आवडेल त्या लांबीला एक म्हणा. एवढी मोकळीक मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. माझ्या खिशातल्या मायक्रोमीटरला तर हे ऐकून घेरीच आली असती. बसमध्ये बसलो की समोरच्या माणसाच्या टोपीला एक म्हणायचं, मग त्याची मान पाव होते आणि नाक एक दशांश. स्वतःशीच हसू येई. नत्थूजी म्हणाला, "काहून हसून राहिला गा एकटाच? शून्य पचलं वाटते." घरी पोळपाटावर पीठ पसरलेलं होतं, त्यात बोटानं वर्तुळ काढून बायकोला, कौसल्येला, समजावायला गेलो. ती लाटणं हातात धरून उभी. म्हणाली, "माह्या पोळ्या होऊ द्या आधी, मंग तुमचा गोल." मग दोन पोळ्या झाल्यावर माझ्याकडे न बघता विचारलं, "या डाव नाही झालं पास, तं?" "तं नाव कापतात." तिनं तिसरी पोळी तव्यावर टाकली. "मंग होऊन जा ना पास," ती म्हणाली, जणू मी इतके दिवस मुद्दामच होत नव्हतो.

आणि पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते झालं. सगळे डबे घेऊन बाहेर लिंबाखाली गेलेले, मशीन बंद, एवढ्या मोठ्या शेडमध्ये शांतता. अशा वेळी कारखाना वेगळाच वाटतो, तेलाचा वास तेवढा तसाच असतो. माझ्या लेथचा चक, म्हणजे कापायचा तुकडा पकडून फिरवणारी ती लोखंडी गोल तबकडी, समोर होती. मी खडू घेतला आणि तिच्या अगदी कडेला एक ठिपका काढला. मधोमध केंद्र होतंच. केंद्रातून एक आडवी रेघ मनात धरली. हातानं चक थोडा फिरवला. ठिपका वर चढला. आता तो आडव्या रेघेपासून इतका वर आहे आणि केंद्रापासून इतका बाजूला आहे. वर किती, तो साईन. बाजूला किती, तो कॉस. सवयीनं मी पट्टी काढली आणि मोजायला लागलो. साडेतीन इंच आणि वर एक सूत. आणखी फिरवला. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा पट्टी लावताना हात थांबला. मी पुन्हा तीन पीसच तपासत होतो.

पट्टी मी खाली ठेवली. हे लिहिताना सोपं वाटतं. माझ्यासारख्या माणसानं मोजणं सोडून नुसतं बघत उभं राहणं म्हणजे पुजाऱ्यानं घंटा बाजूला ठेवण्यासारखं होतं. मी चक हळूहळू फिरवत राहिलो आणि ठिपक्याकडे बघत राहिलो, आणि कुठून कोण जाणे, उमरेडचं आमचं घर डोळ्यांपुढे आलं. आम्ही विणकरांचे. बाप मागावर बसायचा, आणि माय, प्रयागबाई, दाराशी बसून चरख्यावर कांड्या भरायची. दुपार कलली की दारातून तिरपं ऊन आत येई आणि चरख्याची सावली समोरच्या भिंतीवर पडे. चाक उन्हाच्याच दिशेला उभं असे, म्हणून भिंतीवर गोल कधी दिसायचा नाही, नुसती एक उभी जाड रेघ दिसायची, आणि तिच्यावर चाकाच्या मुठीची सावली वर-खाली, वर-खाली पळायची. मधे आली की भरकन जायची, वरच्या टोकाला पोचली की जरा रेंगाळायची. मी पाच-सहा वर्षांचा असेन. मी विचारलं होतं, "माय, ते वरती गेल्यावर थांबते काहून?" "थांबत नाही रे बापा, तुले तसं वाटते. माहा हात कुठी थांबून राहिला?" आणि खरंच, तिचा हात एकसारखाच फिरत होता. मला ते खोटं वाटलं होतं. तिच्या मांडीशी बसून मी किती दुपारी ती सावली पकडायचा प्रयत्न केला असेल. तिच्या हाताला सुताच्या खळीचा वास यायचा. ती जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आता हिंगण्याच्या शेडमध्ये, हातात खडू धरून, मला तिच्या बोलण्याचा अर्थ लागत होता. हात एकसारखा फिरतो, सावली मात्र आपल्या चालीनं चढते-उतरते. ती सावली म्हणजेच साईन. पस्तीस वर्षांपूर्वी मी ती भिंतीवर पाहिली होती आणि दोन वेळा तिच्यातच नापास झालो होतो. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि आजूबाजूला कोणी नाही याचं बरं वाटलं.

मग सगळं भराभर दिसायला लागलं. केंद्रापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर बदलूच शकत नाही, लोखंड थोडंच ताणलं जाणार? त्याला मी एक म्हटलं. वरचं अंतर आणि बाजूचं अंतर यांचा काटकोन होतो, मग दोघांचे वर्ग मिळून एकाचा वर्ग. हे तीस अंशांना तपासायचं कशाला? ठिपका कुठेही असू दे. सतरा अंश आणि वर थोडं, जिथे कोष्टकात ओळच नाही, तिथेही. चक नव्वदच्या पुढे गेला. आमचं कोष्टक नव्वदला संपतं, म्हणून मी आजवर समजत होतो की त्यापुढे साईनच नसतो. ठिपका तर मजेत पलीकडे उतरत होता. एकशे पन्नासला तो तीसएवढ्याच उंचीवर होता, फक्त केंद्राच्या डावीकडे, म्हणून कॉस उणे. आणखी पुढे तो रेघेखाली बुडाला आणि साईनही उणे झाला. उणे लांबीचा पीस मी जन्मात कापला नव्हता. इथे तो समोर होता, आणि वर्ग केला की दोन्ही उणे निमूटपणे अधिक होत होते. मी चक फिरवत राहिलो. दारातून नत्थूजीचा आवाज आला, "जेवाचं सोडून चाक काय फिरवून राहिला गा? लाईट नाही काय?" मी म्हटलं, "नत्थूजी, इकडे ये, तुले एक गोष्ट दाखवतो. हे सगळ्या कोनाले खरं आहे." तो आला, खडूच्या ठिपक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या डब्यातली अर्धी पोळी मला तोडून दिली. "खाऊन घे," तो म्हणाला, "उपाशी पोटी असं होते."

परीक्षा एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी होती. महिनाभर मी इतक्या आनंदात गणितं सोडवली होती की कौसल्या शेजारणीला सांगत होती, यांच्या हातून पेन सुटत नाही. हॉलमध्ये आम्ही तेवीस जण. पंखा एकच, तोही पर्यवेक्षकांच्या टेबलावर. हे पर्यवेक्षक म्हणजे मनोहरराव, पलीकडच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. पहिले चार प्रश्न मी हसत सोडवले. पाचवा प्रश्न वीस गुणांचा. सिद्ध करा: एक वजा कॉस थीटा भागिले साईन थीटा, बरोबर, साईन थीटा भागिले एक वजा कॉस थीटा. मी वर्तुळ काढलं आणि लागलो. होईना. उजवी बाजू डावीकडे घेतली, होईना. तिरका गुणाकार केला, भलतंच काहीतरी निघालं. पंधरा मिनिटं गेली. दोन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं, गेल्या वर्षीही. आधीचे चार प्रश्न मिळून पासापुरते होत नव्हते. हा सुटला तर मी वाचलो, नाही तर आज दुपारी मी परत नुसता टर्नर. घाम पुसता पुसता जुनी खोड वर आली आणि मी गुपचूप नव्वद घालून पाहिले. एक बरोबर एक. जुळलं! म्हणजे प्रश्न ठीक, मीच गाढव. मग साठ घातले. डावीकडे आलं शून्य पूर्णांक पाच सात सात. उजवीकडे एक पूर्णांक सात तीन दोन.

मी पुन्हा केलं. तेच आलं. तीन पीस ठीक निघाल्यानं लॉट खरा ठरत नाही, हे मी महिनाभर घोकलं होतं. पण एक पीस खराब निघाला तर लॉट खोटा ठरायला तेवढा एकच पुरतो, हे तर मला वीस वर्षांपासून माहीत होतं. हात वर केला. मनोहरराव आले. मी हळूच म्हटलं, "सर, पाचव्यात गलती आहे." त्यांनी प्रश्नपत्रिका लांब धरून पाहिली. "छापून आलं आहे ना? मंग बरोबरच असन. तुम्हाले जे येते ते लिहा." ते गेले. माझ्या शेजारच्या बाकावर बाबाराव, एका सूतगिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम, पानामागून पान लिहीत होते. त्यांना येत होतं. वीस वर्षांत मी एकदाच वरच्या मजल्यावर जाऊन म्हटलं होतं की ड्रॉईंग चुकलं आहे, भोक दोन सूत डावीकडे हवं. वरून उत्तर आलं होतं, तुमचं काम कापणं. मी कापलं, दोनशे पीस भंगारात गेले, आणि मेमो मला मिळाला. तेव्हापासून मी चुकीची ड्रॉईंग चुकीचीच कापत आलो होतो. आता पेन हातात धरून मी पाच मिनिटं तसाच बसलो. भीती वाटत होती, हे कबूल करायला हवं. मग मी वर्तुळाकडे पाहिलं. ठिपक्यापासून खाली लंब टाकला. त्या लंबानं पूर्ण व्यासाचे दोन तुकडे केले, उजवीकडचा छोटा, एक वजा कॉस, आणि डावीकडचा मोठा, एक अधिक कॉस. दोन्ही तुकड्यांचा गुणाकार म्हणजे एक वजा कॉसचा वर्ग, म्हणजेच लंबाचा वर्ग. म्हणजे उजवीकडे खाली अधिक हवं होतं! तिथे वजा लिहायचं तर लंब आणि छोटा तुकडा सारखे व्हायला हवेत, आणि ते फक्त ठिपका अगदी माथ्यावर असताना होतं. चक मनातल्या मनात पुरा फिरवला. खाली दोनशे सत्तरलाही होतं, चिन्हासकट. बाकी कुठेही नाही. मी लिहिलं, "प्रश्न चुकीचा आहे." हे तीन शब्द मी इतके स्वच्छ लिहिले की कौसल्येनंही वाचावेत. खाली साठ अंशांचा हिशेब, मग प्रश्नातलं समीकरण कोणत्या दोन कोनांना खरं आहे आणि काहून, मग वजाचं अधिक करून पूर्ण सिद्धता, वर्तुळासह, सगळ्या कोनांसाठी, फक्त जिथे खाली शून्य येतं ते सोडून. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मी हसत होतो.

बाहेर फाटकाशी जयवंताबाई उत्तरपत्रिका न्यायला आल्या होत्या. बाबाराव त्यांना सांगत होते, "पाचवा सोडवून टाकला बाई. दोन पानं लागली, पण सिद्ध केला." त्या म्हणाल्या, "दोन पानं कशाला लागावीत?" मग मला पाहून, "तुमचा?" मी म्हटलं, "बाई, तो सिद्ध होत नाही." बाबारावांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. बाईंनी माझ्या हातातली प्रश्नपत्रिका घेतली. उन्हात उभ्या राहून वाचली. ओठ हलले. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं, पर्सवरच कागद टेकवून काहीतरी आकडेमोड केली, आणि मानेपासून कानापर्यंत लाल झाल्या. मला वाटलं, आता सांगतील, छापणाऱ्यानं घोळ केला. पेपर स्टेन्सिलवरून छापलेला होता, अधिकातली उभी रेघ उमटली नाही असं म्हणता आलं असतं, आणि कोणीही मान डोलावली असती. मी तर डोलवायला मान तयारच ठेवली होती.

"पेपर मी काढला," त्या म्हणाल्या. "स्टेन्सिलही मीच लिहिली. वजा माह्याच हातचं होय. चूक माही आहे, भाऊ."

वीस वर्षांत वरच्या टेबलावरून हे वाक्य खाली आलेलं मी ऐकलं नव्हतं. वर्गात कधी वऱ्हाडी न बोलणाऱ्या बाई भर रस्त्यात माझ्या आईच्या बोलीत बोलल्या होत्या. मी म्हटलं, "होते बाई. नजर चुकते. पण नव्वदले खरं आहे ते. अन् दोनशे सत्तरले." "दोनशे सत्तर?" त्यांनी पुन्हा कागद पाहिला, हवेत बोटानं वर्तुळ काढलं, बोट खाली नेलं, आणि एकदम खळखळून हसल्या. "हे मलेही सुचलं नसतं." मग सावरल्या, साडीचा पदर नीट केला, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मनोहररावांकडून घेतला आणि पुन्हा वर्गातल्या बाई झाल्या. "निकालाचं मी काही सांगू शकत नाही, रुपरावजी. पेपर मलाच तपासायचे आहेत." दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "पण दुसऱ्या वर्षालाही गणित मीच शिकवते. वही दोनशे पानी घ्या, वर्तुळांना जागा लागते."

बर्डीवरचा माझा वहीवाला रविवारी दुकान उघडत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी सायकल तिकडेच काढली.